भारतातील उपशामक सेवेची वाटचाल आणि प्रगत स्तनकर्करोगग्रस्त स्त्रिया : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
स्तनाचा कर्करोग हा आज भारतीय स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात सुमारे १,९२,००० स्त्रियांना हा रोग नव्याने झाला व सुमारे ९८,००० स्त्रियांचा त्यात मृत्यू झाला. निदान होईपर्यंत अनेकींचा रोग पुढच्या अवस्थेत गेलेला असतो. हाडे, फुफ्फुसे वा यकृत यांत पसरलेला रोग बहुधा पूर्णपणे बरा होत नाही. परंतु हाडांतील वेदना, चिघळलेल्या व्रणाची दुर्गंधी आणि हाताची सूज यांचे शमन करता येते. हेच उपशामक सेवेचे, म्हणजेच पॅलिएटिव्ह केअरचे, कार्य होय. ही सेवा सर्व स्त्रियांपर्यंत समानतेने का पोहोचली नाही, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

संस्थात्मक प्रारंभ :
डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले आणि या सेवेला आधुनिक स्वरूप लाभले. भारतात १९८६ मध्ये डॉ. एल. जे. डिसूझा यांच्या पुढाकाराने मुंबईतील वांद्रे येथे 'शांती अवेदना' ही संस्था उभी राहिली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेवर औषधांचा त्रिस्तरीय क्रम सुचविला. तीव्र वेदनेसाठी तोंडावाटे घ्यावयाचे मॉर्फीन हा त्याचा आधार होता. पुढे १९९६ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयात उपशामक विभाग आणि १९९७ मध्ये पुण्यात सिपला केंद्र सुरू झाले. या संस्थांचे कार्य मोलाचे आहे. तथापि त्या महानगरांत होत्या. उपचार संपवून गावी परतणाऱ्या स्त्रीला तेथे मॉर्फीनची गोळी मिळेलच, याची शाश्वती नव्हती.

कायदा आणि वेदना :
या टंचाईचे कारण औषधाचा अभाव हे नव्हते. गाझीपूर येथे कंपनी सरकारच्या काळापासून अफूचा कारखाना आहे. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात परवान्याने अफूची लागवड होते आणि औषधी उपयोगासाठी तिची निर्यातही होते. साध्या मॉर्फीनची गोळी महागही नाही. मात्र १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने कठोर शिक्षा ठरविल्या आणि रुग्णालयांना अनेक खात्यांचे वेगवेगळे परवाने घ्यावे लागू लागले. कागदोपत्री चुकीच्या धास्तीने अनेक रुग्णालयांनी व औषधविक्रेत्यांनी मॉर्फीन ठेवणेच सोडले. परिणामी पुढील एका तपात देशातील मॉर्फीनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. व्यसनाला आळा घालण्यासाठी केलेल्या कायद्याची किंमत अशा रीतीने रुग्णांना मोजावी लागली. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना एकाच यंत्रणेच्या परवानगीने ही औषधे बाळगण्याचा मार्ग मोकळा झाला.

केरळचा अनुभव :
कायदा बदलण्यापूर्वीच केरळात निराळी वाट चोखाळली गेली. डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कोझिकोड येथे वेदना व उपशामक सेवा संस्था स्थापन केली. पुढे मलप्पुरम परिसरात प्रशिक्षित स्वयंसेवक, परिचारिका आणि लोकांच्या लहान देणग्या यांच्या बळावर सेवा रुग्णाच्या घरी जाऊ लागली. २००८ मध्ये केरळ शासनाने उपशामक सेवेचे धोरण स्वीकारले व पंचायतींना या कार्यात सामावून घेतले.

स्तनकर्करोगाच्या संदर्भात या पद्धतीचे महत्त्व विशेष आहे. व्रण छातीवर असल्याने संकोच असतो. दुर्गंधीमुळे ती स्त्री घरातच एकाकी पडते. दवाखान्यात जायचे तर सोबत कोणीतरी हवे, भाडे हवे आणि त्या माणसाचा एक दिवसाचा रोजगार बुडतो. घरातील इतरांच्या गरजांपुढे स्वतःचे दुखणे मागे ठेवण्याची सवयही असते. घरी येणारी परिचारिका व्रण स्वच्छ करते, त्यावर मेट्रोनिडॅझोलची पूड घालते, गोळ्यांचा हिशेब पाहते आणि कुटुंबाला शुश्रूषा शिकविते. यासाठी मोठ्या यंत्रसामग्रीची गरज लागत नाही.

समारोप :
२०१२ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम आखला आणि २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानेही या सेवेची दखल घेतली. तरीही २०१७ मध्येच लॅन्सेट आयोगाने दाखवून दिले की, भारतात वेदनाशामक अफूजन्य औषधांची जेमतेम ४ टक्के गरज भागते. यावरून असे दिसते की, परवाना सुलभ होणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही. संस्था उभ्या राहिल्या, कायदा सुधारला, धोरणे आली. परंतु रुग्ण स्त्रीचे घर आणि औषधाचे कपाट यांमधील अंतर बहुतांश ठिकाणी कायम राहिले. समान उपलब्धतेचा खरा निकष रुग्णालयांची संख्या हा नसून, दूरच्या वाडीवरील स्त्रीला तिच्या घरी वेदनाशमन मिळते किंवा नाही, हाच मानावा लागेल. प्राथमिक आरोग्य केंद्रात मॉर्फीनचा नियमित साठा व प्रशिक्षित परिचारिकेची गृहभेट या दोन गोष्टींवाचून समानता केवळ कागदावरच राहील.