घसादुखी, चिवट

घशातील वेदना अथवा खवखव आठवडेच्या आठवडे न हटता तिच्या जोडीला कान गच्च होण्याची, म्हणजेच दडे बसण्याची, तक्रार असणे. हा स्वतंत्र रोग नव्हे, अनेक रोगांचे ते समान लक्षण आहे. कानाने केलेल्या फिर्यादीचे मूळ पुष्कळदा घशातच असते आणि ही गोष्ट ध्यानी न आल्यामुळे निकोप कानात कोमट तेल ओतण्याचा प्रघात घरोघर चालत आला आहे.

घसा व कान यांचे दळणवळण दोन मार्गांनी चालते. पहिला मार्ग नाकामागील पोकळीतून मध्यकर्णात जाणाऱ्या नळीचा. सोळाव्या शतकातील इटालियन शारीरज्ञ बार्तोलोमेओ युस्ताकी याच्या नावाने ओळखली जाणारी ही नळी प्रौढात सुमारे ३·५ सेंमी. लांब असून एरवी मिटलेली असते. आवंढा गिळताना वा जांभई देताना टाळूचे स्नायू ती क्षणभर उघडतात आणि पडद्याच्या दोन्ही अंगांचा दाब सारखा होतो. सर्दीने किंवा ॲलर्जीने तिचे अस्तर सुजले, की मध्यकर्णात कोंडलेली हवा शोषली जाऊन पडदा आत ओढला जातो. दुसरा मार्ग मज्जातंतूंचा. टॉन्सिल, जिभेचे मूळ व मध्यकर्ण येथील संवेदना नवव्या मस्तिष्क-मज्जातंतूकडे रुजू होतात, तर स्वरयंत्र आणि कर्णमार्गाचा काही भाग दहाव्याच्या अखत्यारीत येतो. कानात काडी घालताच काहींना खोकल्याची उबळ येते ती या नात्यापायी. टॉन्सिल काढलेले मूल पुढे काही दिवस कान दुखतो म्हणून रडते, पण तपासावा तर कानात काहीच दोष नसतो.

विषाणुजन्य घसादुखी बहुधा आठवड्याभरात ओसरते. त्याहून रेंगाळणाऱ्या दुखण्यात नाकातून घशात सतत झिरपणारा शेंबूड, तोंडाने श्वास घेण्याची सवय, टॉन्सिलची जुनाट सूज, एप्स्टाइन-बार विषाणूचा ज्वर ही कारणे आढळतात. जठरातील अम्ल घशापर्यंत चढणे हे त्यांतले फसवे कारण होय, कारण छातीत जळजळ मुळीच नसतानाही रोगी सकाळी घोगऱ्या आवाजाने उठतो व दिवसभर खाकरत राहतो. रात्री उशिरा जेवून लागलीच आडवे होणाऱ्यांना हा उपद्रव विशेष. अक्कलदाढ आणि झोपेत दात खाण्याने दुखावलेला जबड्याचा सांधा हेही कानाच्या वेदनेचे नेहमीचे धनी.

मामला गंभीर ठरतो तो दुखणे एकाच बाजूस ठाण मांडते तेव्हा. टॉन्सिल, जिभेचे मूळ अथवा अधोग्रसनी येथील कर्करोगात कान निर्दोष असूनही ठणकतो, आणि तंबाखू, मिश्री व मद्य यांचे सेवन करणाऱ्याच्या बाबतीत हा संशय प्रथम घ्यावा लागतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी मिश्रीची डबी आजही अनेक घरांत आढळते. प्रौढाच्या एकाच कानात पाणी साठले असता नाकामागील पोकळीही पाहावी लागते. तेथील कर्करोग दक्षिण चीनमध्ये व भारतात नागालँड-मणिपूरकडे अधिक आढळतो. मानेतील गाठ, गिळताना अडथळा, आवाजातील बदल व वजनातील घट यांपैकी काहीही असल्यास, किंवा तक्रार तीन आठवड्यांची मुदत ओलांडल्यास, कान-नाक-घसा तज्ज्ञ नाकावाटे लवचीक दुर्बीण घालून तपास करतो.

क्वचित कवटीच्या तळाचा सुळ्यासारखा अस्थिप्रवर्ध लांबून तो घशात टोचतो. १९३७ साली अमेरिकन शल्यविशारद ईगल याने वर्णिलेला हा विकार टॉन्सिलच्या खळग्यात बोट दाबून चाचपता येतो.