फ्लेमिंग म्हणजे ‘फ्लँडर्सकर’!

आजचा एपिसोड एका आडनावाचा.

दहावीत फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम सगळ्यांनीच घोकलाय. तर्जनी चुंबकीय क्षेत्र, मधलं बोट विद्युतधारा, अंगठा बल. परीक्षेत निम्मा वर्ग बोटं वाकडी करून बसलेला असायचा! तो नियम जॉन अँब्रोस फ्लेमिंग यांचा. १९२८ मध्ये पेनिसिलिन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग वेगळे. आणि जेम्स बाँड जन्माला घालणारे इयान फ्लेमिंग तिसरेच. तिघं ब्रिटिश, पण आडनाव मात्र मूळचं तिथलं नाही.

फ्लेमिंग म्हणजे फ्लँडर्सचा माणूस. फ्लँडर्स हा मुख्यतः आजच्या बेल्जियमचा उत्तरेकडचा भाग. जुन्या इंग्लिश कागदांत ‘ले फ्लेमिंग’ असं लिहिलेलं सापडतं, म्हणजे ‘तो फ्लँडर्सवाला’. आपण सरळ ‘फ्लँडर्सकर’ म्हणू.

हे लोक इंग्लंडला का गेले? १०६६ मध्ये विल्यमनं इंग्लंड जिंकलं, तेव्हा त्याच्या फौजेत फ्लँडर्सचे लोक होते. त्याची राणी मटिल्डाही तिथलीच. पुढं १३३० च्या दशकात राजा तिसरा एडवर्ड यानं तिथले विणकर मुद्दाम बोलावले. लोकर इंग्लंडची, पण भारी कापड विणायची कला फ्लँडर्सची. म्हणजे त्या काळची ‘ऑनसाइट’ भरतीच की!

पण ही माणसं स्थानिकांच्या डोळ्यांत खुपायला लागली. १३८१ च्या शेतकरी उठावात लंडनमध्ये फ्लेमिश लोकांना शोधून शोधून मारलं. त्या दिवशी ‘तू कुठला?’ या प्रश्नाच्या उत्तरावर जीव अवलंबून होता.

आता आपल्याकडं या. मी उंब्रजचा. कृष्णा आणि तारळी नदीच्या संगमावरचं, हायवेवरचं आमचं गाव. खुद्द उंब्रजमध्ये कुणाला ‘उंब्रजकर’ म्हणून काय उपयोग? तिथं सगळेच उंब्रजकर! हे नाव गाव सोडल्यावर चिकटतं. आणि बहुतेक वेळा ते ठेवतात परगावची माणसं. फ्लेमिंगचं अगदी तसंच. म्हणजे ‘कर’ लागलेलं आडनाव हा पूर्वजांच्या स्थलांतराचा पुरावाच समजा.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या साताऱ्यातच आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका मुलाचं नाव दाखल झालं, भिवा रामजी आंबेडकर. घराण्याचं आडनाव सकपाळ, मूळ गाव कोकणातलं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. गावाच्या नावावरून आलेलं हे आडनाव पुढं जगभर गेलं. ती शाळा म्हणजे आजचं प्रतापसिंह हायस्कूल. ७ नोव्हेंबर हा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

त्याच शाळेत त्या मुलाला वर्गात वेगळं बसावं लागलं. रजिस्टरमध्ये गावाचं नाव लिहिलं, पण वागणूक जातीवरूनच मिळाली. फ्लेमिंगांना ‘गाव कुठलं’ विचारलं, आपल्याकडं गाव सांगितलं तरी लोक पुढं विचारतात, ‘ते ठीक, पण पूर्ण नाव काय?’ खोली भाड्यानं बघताना हा प्रश्न किती जणांनी ऐकलाय! विचारणाऱ्याला नाव नको असतं, जात हवी असते.

मी कामात रोज फॉर्म बनवतो. ‘आडनाव’ हा रकाना रिकामा सोडला तर फॉर्म पुढं सरकत नाही. मशीनला तो फक्त मजकूर. माणसाला मात्र त्यात बरंच काही दिसतं. इंग्लंडमध्ये आज फ्लेमिंग म्हटलं तर कुणाला परका माणूस आठवत नाही, पेनिसिलिन आठवतं. एका शिक्क्याचं साधं नाव व्हायला तिथं कित्येक शतकं गेली. आपण एवढं थांबायची गरज नाही.

तुमच्या आडनावात ‘कर’ असेल तर घरातल्या थोरल्यांना विचारा, ते गाव कुठलं आणि ते का सुटलं? आणि दुसऱ्याचं आडनाव कळलं की तिथंच थांबा. पुढचा प्रश्न कामाचा विचारा.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!