क्रम कोणी लावायचा?

परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. मराठी वर्णमालेप्रमाणे त्यांची यादी केली तर गंगाखेड पहिला येतो. मग जिंतूर, परभणी, पाथरी, पालम, पूर्णा, मानवत, सेलू आणि शेवटी सोनपेठ. हीच नावे उर्दू लिपीत लिहून अलिफ, बे, पे या क्रमाने लावा. आता पाथरी पहिला, त्यामागे पालम, परभणी, पूर्णा, जिंतूर, सोनपेठ, सेलू. आणि आपला गंगाखेड थेट आठव्या जागी! मानवत शेवटचा.

ही नुसती गंमत नव्हे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १८८० च्या दशकात फारसीची जागा घेतलेली उर्दू ही तिथली दरबारी भाषा होती. गावपातळीवर मोडीही चाले.

गावच्या दप्तरात मात्र नावाच्या क्रमाला फारसा मान नसतो. जमिनीची नोंद सर्व्हे नंबरावर लागते, कारण वसुली करणाऱ्याला आधी शेत सापडायला हवे, मालक नंतर. जन्ममृत्यूच्या नोंदी, ज्यांना आपण कोतवाल बुक म्हणतो, त्या तारखेवार असतात. ज्याने वही आखली त्याने आपल्या सोयीचा क्रम लावला. पुढे कोणी वेगळाच प्रश्न घेऊन आला, तर पान न् पान उलटण्यावाचून त्याला गत्यंतर नाही.

असा प्रश्न २०२३ साली आला. मराठवाड्यातल्या मराठा कुटुंबांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. शेत नको, तारीख नको. हवा होता पणजोबाच्या नावापुढचा एक शब्द. तो सापडला तर नातवंडाला दाखला मिळण्याची वाट मोकळी होते. त्यासाठी उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना बोलवावे लागले.

'हे सगळे संगणकात भरले की झाले,' असे आपण म्हणतो. त्यात तथ्य आहे. एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० मध्ये मांडले, की माहितीच्या तक्त्यात ओळींना स्वतःचा असा क्रम नसतो. चार वर्षांनी चेंबरलिन आणि बॉइस या आयबीएमच्या दोघांनी त्या तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा मांडली. आजच्या 'एसक्यूएल'चे मूळ तीच. तिच्यात 'ऑर्डर बाय' म्हणून सांगितले, तर एकच नोंदवही क्षणात नावाने लागते, क्षणात तारखेने. सांगितलेच नाही, तर ओळी कोणत्या क्रमाने येतील याची हमी नाही. वही आखणाऱ्याच्या हातातला क्रम असा विचारणाऱ्याच्या हाती आला.

पण संगणकाला अक्षरांचा क्रम कोणता शिकवला आहे, हेही पाहावे लागते. आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो, म्हणून कावळे आधी आणि काळे नंतर. युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे आहे. मराठीचा वेगळा नियम दिला नाही, तर काळे पुढे सरकतात.

आणि उर्दूत 'ण' नाही. 'कुणबी' तिथे 'नून' घालून लिहिला जातो. देवनागरीत उतरवताना एकाने 'कुणबी' केले, दुसऱ्याने 'कुनबी', तर संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. जातीच्या रकान्यावर क्रम लावला की सगळे 'कुणबी' आधी संपतात आणि 'कुनबी' वेगळ्या गठ्ठ्यात, पुढच्या पानांवर जाऊन बसतात.