सिंगापूरचा मास्टर प्लॅन आणि रहिवाशाची हरकत : सेरंगूनच्या निमित्ताने

सिंगापुरातील मराठी माणसाच्या बोलण्यात ‘सेरंगून’ हे नाव दोन अर्थांनी येते. पहिला अर्थ सेरंगून रोडचा : लिटल इंडियातील वीरमाकाळीअम्मन मंदिर, मुस्तफा सेंटर आणि दिवाळीच्या रोषणाईने उजळणारा रस्ता. दुसरा अर्थ सेरंगून या उपनगराचा : नेक्स मॉल, सेरंगून गार्डनचे बैठे बंगले आणि सेरंगून नॉर्थच्या सरकारी इमारती. नगररचनेच्या नकाशावर ही दोन वेगळी ठिकाणे आहेत. लिटल इंडिया रोचोर या नियोजन क्षेत्रात मोडतो आणि १९८९ पासून तो संरक्षित ऐतिहासिक भाग आहे. सेरंगून हे मात्र ईशान्य विभागातील स्वतंत्र नियोजन क्षेत्र असून त्याचे सात उपविभाग आहेत. पहिल्या भागात जुन्या इमारती टिकवण्याचे नियम कडक आहेत, तर दुसऱ्यात कोणत्या जागी किती उंच आणि किती दाट बांधता येईल हा मुख्य प्रश्न आहे. तो प्रश्न सोडवणाऱ्या दस्तऐवजाचे नाव मास्टर प्लॅन.

या आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो, तेव्हा त्यावर मत देण्याची संधी रहिवाशांना मिळते. परदेशस्थ मराठी कुटुंबांपैकी फार थोडी कुटुंबे तिचा उपयोग करतात. म्हणून ही प्रक्रिया काय आहे, तिच्यातून खरोखर काय बदलते आणि तिच्या मर्यादा कोणत्या, याची ही मांडणी.

आराखड्याची परंपरा

ब्रिटिश अमदानीत, १९२७ मध्ये, सिंगापूर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. मुंबईकरांना हे नाव ओळखीचे वाटेल, कारण १८९६च्या प्लेगनंतर मुंबईतही याच धर्तीचा ट्रस्ट स्थापन झाला होता. सिंगापूरच्या ट्रस्टने तयार केलेला पहिला मास्टर प्लॅन १९५८ मध्ये मंजूर झाला. स्वातंत्र्यानंतर, १९७१ मध्ये, दीर्घ पल्ल्याचा ‘कन्सेप्ट प्लॅन’ आला आणि १९७४ मध्ये नगर पुनर्विकास प्राधिकरण, म्हणजे यूआरए, ही वैधानिक संस्था अस्तित्वात आली. १९८९ पासून संपूर्ण बेटाच्या नियोजनाची जबाबदारी तिच्याकडे आहे.

आज नियोजन दोन पातळ्यांवर चालते. पुढील पन्नास वर्षांची दिशा दीर्घकालीन आराखडा ठरवतो, तर पुढील दहा ते पंधरा वर्षांत प्रत्येक भूखंडाचे काय होईल हे मास्टर प्लॅन सांगतो. त्याचा फेरविचार दर पाच वर्षांनी होतो. सुमारे ७३५ चौरस किलोमीटरच्या बेटावर साठ लाखांहून अधिक माणसे राहतात आणि त्याच जागेत विमानतळ, बंदर, लष्करी क्षेत्र व जलाशयही बसवावे लागतात. त्यामुळे एका भूखंडाचा वापर बदलला, की दुसऱ्या कशाची तरी जागा कमी होते.

नकाशा कसा वाचावा

मास्टर प्लॅनचा नकाशा यूआरएच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतो. त्यात तीन गोष्टी प्रथम पाहाव्यात. पहिली, रंग : निवासी, व्यापारी, औद्योगिक, उद्यान, शाळा अशा प्रत्येक वापराला ठरावीक रंग असतो. दुसरी, आकडा : निवासी भूखंडावर २.८ लिहिलेले असेल, तर एक हजार चौरस मीटरच्या जागेवर दोन हजार आठशे चौरस मीटर बांधकाम करता येते. आपल्याकडील चटई क्षेत्र निर्देशांकाचीच ही आवृत्ती होय. तिसरी, ‘राखीव जागा’ : अशा भूखंडाचा वापर अद्याप ठरलेला नसतो. आज तेथे दिसणारी हिरवळ उद्याही राहील, अशी हमी नकाशा देत नाही.

हा आकडा किती महत्त्वाचा असतो, याचे उदाहरण सेरंगून नॉर्थमध्येच आहे. तेथील सेरंगून व्हिल या जुन्या वसाहतीत २४४ घरे होती. २०१७ मध्ये रहिवाशांनी ती सामूहिकरीत्या ४९ कोटी ९० लाख सिंगापूर डॉलरला विकली. त्याच जागी उभ्या राहिलेल्या नव्या संकुलात १,०५२ घरे आहेत. अशा विक्रीसाठी सर्व मालकांची संमती लागत नाही. वसाहत दहा वर्षांहून जुनी असेल, तर ऐंशी टक्के हिश्शाच्या मालकांची संमती पुरते. म्हणजे आपली विकण्याची इच्छा नसली, तरी आराखड्यातील एक आकडा आणि शेजाऱ्यांचा कौल मिळून आपले घर बदलू शकते.

बैठ्या बंगल्यांच्या भागासाठी वेगळे नियंत्रण आराखडे असतात. १९५०च्या दशकात विकसित झालेल्या सेरंगून गार्डनमध्ये बंगला किती मजल्यांचा असावा, हे त्यातच ठरते.

२०२५चा मसुदा

ताज्या फेरविचाराची तयारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि मसुदा २५ जून २०२५ रोजी राष्ट्रीय विकासमंत्री ची होंग टाट यांच्या हस्ते प्रसिद्ध झाला. मॅक्सवेल रोडवरील यूआरए सेंटरमधील प्रदर्शन २९ नोव्हेंबरपर्यंत खुले ठेवण्यात आले. आनंदी व निरोगी शहर, शाश्वत वाढ, लवचिकता, आणि निसर्ग व वारसा यांचे जतन, अशा चार सूत्रांभोवती मसुदा रचला आहे. दहाहून अधिक नव्या निवासी भागांत किमान ८० हजार घरे बांधण्याचा संकल्प त्यात आहे.

सेरंगूनच्या रहिवाशांनी दोन गोष्टींवर विशेष लक्ष ठेवावे. पहिली, क्रॉस आयलंड मार्गिका. तिच्या पहिल्या टप्प्यातील बारा स्थानकांत सेरंगून नॉर्थ आणि टॅव्हिस्टॉक ही दोन स्थानके आहेत आणि हा टप्पा २०३० मध्ये सुरू होणे अपेक्षित आहे. स्थानकाभोवती घनता वाढवण्याचा मोह प्रत्येक नियोजनकाराला होतो. दुसरी, पाया लेबार हवाई तळ. २०३० नंतर तो स्थलांतरित झाल्यावर सुमारे ८०० हेक्टर जमीन मोकळी होईल आणि भोवतालच्या मोठ्या परिसरावरील उंचीची मर्यादा शिथिल होऊ शकेल. लढाऊ विमानांचा आवाज थांबल्याचे समाधान आणि समोर उंच इमारत उभी राहिल्याची अडचण, ही दोन्ही एकाच निर्णयाची फळे असतील.

सेरंगून गार्डन, २००८

रहिवाशांच्या मताला किती वजन असते, याची परीक्षा सेरंगूनमध्ये यापूर्वी एकदा झाली आहे. २००८ मध्ये बर्ली ड्राइव्हवरील रिकाम्या शाळेच्या इमारतीत परदेशी कामगारांचे वसतिगृह करण्याचा विचार पुढे आला. तो मास्टर प्लॅनचा भाग नव्हता, तर जागेच्या तात्पुरत्या वापराचा प्रस्ताव होता. सुमारे चार हजार घरांच्या त्या वसाहतीतून सोळाशेच्या आसपास सह्यांचे निवेदन गेले. वाहतूक, सुरक्षितता आणि घरांच्या किमती या प्रमुख हरकती होत्या. काही रहिवाशांनी मात्र या विरोधालाच विरोध केला.

ऑक्टोबरमध्ये सरकारने निर्णय जाहीर केला : वसतिगृह होईल, परंतु एक हजाराऐवजी सहाशेच्या आसपास कामगार राहतील, आणि त्यांच्यासाठी आंग मो कियो अव्हेन्यू १ कडून वेगळा रस्ता काढला जाईल.

प्रशासनाच्या दृष्टीने ही तडजोड यशस्वी म्हणावी लागेल. हरकतींमुळे प्रस्ताव रद्द झाला नाही, पण त्याचे स्वरूप बदलले. तरीही एक बोच उरते. ज्या माणसांच्या निवाऱ्याचा प्रश्न होता, त्यांची सही त्या निवेदनावर नव्हती आणि असणे शक्यही नव्हते. २०२० मध्ये सिंगापुरातील बहुसंख्य कोविड रुग्ण कामगारांच्या वसतिगृहांतच आढळले, तेव्हा शहर आपल्या कामगारांना कोठे आणि किती दाटीने ठेवते, हा प्रश्न साऱ्या देशासमोर आला. आपणही या देशात परवान्यावर आलेली माणसे आहोत. आपला परवाना वेगळ्या रंगाचा असला, तरी हरकत लिहिताना ‘आपल्या परिसरात कोण नको’ आणि ‘आपल्या परिसरात काय हवे’ यांतील अंतर आपण ओळखले पाहिजे.

हरकतीने काय बदलते

पुलाऊ उबिन बेटाच्या टोकाशी असलेल्या चेक जावा येथील भराव २००१ च्या अखेरीस पुढे ढकलण्यात आला, कारण निसर्गप्रेमींनी भरतीच्या पट्ट्यातील जीवसृष्टीची नोंद करून ती सरकारपुढे ठेवली होती. २०२१ मध्ये डोव्हर येथील जंगलाचा पूर्व भाग घरांसाठी घेण्यात आला, पश्चिम भाग मात्र तूर्त राखण्यात आला. उलट, बुकिट ब्राऊन दफनभूमीतून जाणारा रस्ता मोठ्या विरोधानंतरही झाला. त्याचा काही भाग पुलावरून नेण्यात आला, इतकेच. सरकारचे मूळ उद्दिष्ट बदलणे कठीण असते, परंतु त्याची जागा, वेळ आणि पद्धत बदलू शकते. ते बदल घडवण्यात घोषणांपेक्षा नोंदी आणि पर्याय अधिक उपयोगी पडले आहेत.

महाराष्ट्राशी तुलना

महाराष्ट्रात विकास आराखड्याचा पाया १९६६चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम आहे. योगायोगाने सिंगापूरचा भूसंपादन कायदाही १९६६चाच. आपल्याकडे प्रारूप आराखड्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात आणि नियोजन समितीपुढे सुनावणी होते. त्या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले चारपर्यंत तज्ज्ञ असतात. अंतिम मंजुरी राज्य शासनाची असते.

पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये सुमारे ८७ हजार हरकती आल्या. मुंबईचा २०१५चा मसुदा इतका सदोष निघाला, की मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करण्याचा आदेश दिला, आणि सुधारित आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. आपल्याकडे हरकत गोंगाटी असते, निर्णय लांबतो, आणि आरक्षणे कागदावरच राहण्याचा अनुभव जुना आहे. सिंगापुरात बहुतेक जमीन सरकारच्या मालकीची असल्याने आराखड्यात लिहिलेले बहुधा प्रत्यक्षात येते. मात्र नगरसेवक, सभागृह आणि हरकतदारांच्या रांगा लागणारी जाहीर सुनावणी तेथे नाही. आपले मत वाचले गेले का, हे रहिवाशाला निर्णयावरूनच ताडावे लागते. एका ठिकाणी वाद दिसतो पण अंमलबजावणी दिसत नाही. दुसरीकडे अंमलबजावणी दिसते पण वाद दिसत नाही.

आपण काय करावे

मसुद्यावर मत पाठवण्यासाठी मतदानाचा हक्क लागत नाही. स्थायी निवासी आणि परवान्यावर राहणारेही लिहू शकतात. पाच वर्षांच्या मधल्या काळातही एखाद्या भूखंडापुरत्या सुधारणा प्रसिद्ध होतात. त्यांच्यासाठी मुदत सहसा दोन आठवडे असते, म्हणून सूचनांवर नजर ठेवावी लागते.

मत पाठवताना भूखंड किंवा रस्ता नेमका सांगावा. अडचण एका वाक्यात लिहावी आणि तिच्यामागचे निरीक्षण द्यावे : सकाळी बस किती वेळ अडकते, वृद्धांना स्थानकापर्यंत चालताना कोठे उन्हात थांबावे लागते, शाळेच्या दारात किती वाहने उभी राहतात. शेवटी पर्याय सुचवावा. घर विकत घेण्यापूर्वी शेजारच्या ‘राखीव’ भूखंडांकडे अवश्य पाहावे. परदेशी नागरिकाला घरखरेदीवर २०२३ पासून साठ टक्के अतिरिक्त मुद्रांक शुल्क भरावे लागते, तेव्हा खिडकीतून दिसणारे दृश्य किती वर्षांचे आहे, हे आधी तपासलेले बरे.

जे भाड्याने राहतात आणि दोन वर्षांनी दुसरीकडे जातील, त्यांनाही हे लागू आहे. सेरंगून नॉर्थच्या स्थानकातून २०३० नंतर जाणारा प्रवासी कदाचित आपण नसू. पण आज आपण ज्या छायेच्या पदपथावरून चालतो, तोही आपल्याआधी कोणीतरी नकाशावर आखून ठेवला होता.