तळटीप : जमावबंदी आणि ‘एकशे अठ्ठ्याऐंशी’

१. जमावबंदी मोडल्याबद्दल भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खालील खटला. जमावबंदीचे कलम १४४ घटनाबाह्य आहे, हा मुद्दा नागपूरच्या बाबूलाल पराते यांनी १९५६ मधील गिरणी कामगारांच्या वादातून सर्वोच्च न्यायालयात नेला. १९६१ मध्ये ते हरले. दुसरी वाट मात्र खुली राहिली आणि कामगारांसाठी तीच मोलाची. आदेश काढणाऱ्या किंवा त्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी तक्रार नसेल, तर न्यायालयाला या गुन्ह्याची दखलच घेता येत नाही, नुसता एफआयआर पुरत नाही (सी. मुनिअप्पन खटला, २०१०). पिंपरी-चाकण पट्ट्यातील वाचकांनी लक्षात ठेवावे : १ जुलै २०२४ पासून गुन्ह्याचे कलम २२३ (न्याय संहिता) व तक्रारीचे २१५ (नागरिक सुरक्षा संहिता) झाले असले, तरी लेखी तक्रारीची अट कायम आहे. – संपा.