हिमथर स्थैर्य चाचणी

डोंगरउतारावर साचलेला बर्फ जागीच राहील की सुटेल, याचा प्रत्यक्ष जागेवर बांधलेला अंदाज. हिमस्खलने बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. म्हणून आधी उताराचा कोन मोजतात. ताजी स्खलने, पायाखाली ‘धप्प’ आवाज होऊन बसणारा बर्फ आणि पावलागणिक पुढे पळणाऱ्या भेगा ही धोक्याची उघड लक्षणे. ती दिसल्यावर खड्डा खणत बसण्याचे कारणच उरत नाही.

एरवी त्याच दिशेच्या पण सुरक्षित उतारावर खड्डा खणून उभा छेद घेतात. मूठ, बोट, पेन्सिल, चाकू टोचून थरांचा कठीणपणा ठरवतात. कण भिंगातून पाहतात. जमिनीलगत साखरेसारखे सुटे, कंगोरेदार कण आढळले तर तो थर कच्चा समजावा. कडक थंडीत बर्फ पातळ असेल, तर असे कण सहज तयार होतात. दाब चाचणीत ३० सेंमी. बाजूचा चौरस स्तंभ मोकळा करून वर फावड्याचे पाते ठेवतात आणि मनगटातून, कोपरातून व खांद्यातून प्रत्येकी दहा थापा मारतात. स्तंभ कितव्या थापेला तुटला, यापेक्षा कसा तुटला हे बोलके असते : वरचा भाग सपाट पृष्ठावरून झटकन निसटला, तर आकडा मोठा असूनही सावध राहावे. ९० सेंमी. रुंद स्तंभाच्या विस्तारित चाचणीत भेग आडवी पसरते का, तेही कळते.

वाऱ्यामुळे काही मीटरांवर थर बदलतात. त्यामुळे वाईट निकाल मानावा. चांगल्यावर विसंबू नये.

भारतात हे काम मनालीच्या हिम व हिमस्खलन अध्ययन संस्थेने (स्थापना १९६९) वाढवले; २०२० मध्ये ती संरक्षण भूमाहिती संशोधन संस्थेत विलीन झाली.