किसेरू : बंदीला पुरून उरलेली चिलीम

रमजानच्या आधी घराची साफसफाई काढली होती. कपाटाच्या वरच्या खणातून मुलाने कापडात गुंडाळलेली एक वस्तू बाहेर काढली. वीतभर लांब, दोन्ही टोकांना पितळ, मध्ये बांबूची नळी. "अब्बू, ही बासरी आहे का?" मी म्हणालो, "नाही रे, ही जपानी चिलीम. हिला किसेरू म्हणतात." त्याचा पुढचा प्रश्न अवघड होता : "तुम्ही ओढता?"

उत्तर टाळून मी त्याला इतिहास सांगायला बसलो. शिक्षकांची ही जुनी पळवाट आहे.

तंबाखू मूळची अमेरिकेची. पोर्तुगीज जहाजांबरोबर ती जगभर पसरली. जपान्यांनी पोर्तुगीज शब्द उचलून तिला 'ताबाको' म्हटलं, आपण तमाखू, तंबाखू म्हणू लागलो. शब्दाचं घराणं एकच. किसेरू हे नाव मात्र कंबोडियाच्या ख्मेर भाषेतून आलं असं मानतात. मधल्या बांबूला 'राओ' म्हणतात, ते लाओस देशावरून.

तंबाखूमागोमाग बंदीही आली. जपानच्या शोगुन सरकारने 1609 मध्ये तंबाखूला मनाई केली. तेव्हा क्योटोत भडक कपडे घालून, लांबलचक किसेरू मिरवत दंगा करणाऱ्या तरुणांच्या टोळ्या होत्या. लाकडी घरांच्या शहरांत आगीचं भय होतं. शिवाय भाताची जमीन तंबाखूखाली जाईल ही धास्ती होती. मनाईचे हुकूम पुन्हा पुन्हा काढावे लागले. हुकूम पुन्हा काढावा लागतो, याचा अर्थ तो कुणी पाळत नाही, हे आम्हा मास्तरांना वेगळं सांगायला नको.

गंमत म्हणजे त्याच सुमारास आपल्या दख्खनमध्ये हीच गोष्ट घडत होती. अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारात गेला. तिथे त्याने तंबाखू पाहिली आणि 1604 च्या सुमारास ती नळीसकट बादशहासमोर ठेवली. बादशहाने एक-दोन झुरके घेतले. हकिमांनी हरकत घेतली, दरबारात वाद झाला. पुढे 1617 मध्ये जहांगीरने बंदी घातली. इराणच्या शाह अब्बासनेही घातली होती. ना आग्र्यात हुक्का विझला, ना जपानात किसेरू. शेतकऱ्याला पीक मिळालं होतं, व्यापाऱ्याला नफा आणि लोकांना तलफ.

सतराव्या शतकाच्या मध्यानंतर जपानात बंदी सैल पडली आणि ओढण्याची एक तहजीब तयार झाली. आपल्याकडे पाहुण्यापुढे पानदान सरकवतात, तसा तिथे तंबाखूचा तबक पुढे येई. त्यात निखाऱ्याचं भांडं आणि राख झाडायला बांबूचं नळकांडं असे. किमोनोला खिसे नसतात, म्हणून तंबाखूची पिशवी कमरपट्ट्याला लटकवायची. ती घसरू नये म्हणून दोरीच्या टोकाला कोरीव गुंडी, तिचं नाव नेत्सुके. आज संग्राहक किसेरूइतकेच या गुंड्यांच्याही मागे असतात. उतामारोच्या चित्रांत बायकांच्या हातीही किसेरू दिसते.

किसेरूची वाटी जेमतेम हरभऱ्याएवढी. तिच्यात घालायची तंबाखू केसासारखी बारीक कापलेली. चिमूटभर घेऊन बोटांनी हलकी गोळी करायची, वाटीत ठेवायची, निखाऱ्याला लावायची. दोन-तीन झुरके, की संपलं. राख झाडा, पुन्हा भरा. बांबूत कीट साचलं की 'राओया' नावाचा फेरीवाला यायचा. वाफेने नळी साफ करायचा किंवा नवा बांबू बसवून द्यायचा. आपल्याकडच्या कल्हईवाल्यासारखाच. वस्तू टाकायची नसे, दुरुस्त करायची असे.

किसेरूला हुकमाने नव्हे, सिगारेटने मागे सारलं. मेइजी काळात कारखान्यातली सिगारेट आली. भरायला नको, झाडायला नको. 1904 मध्ये रशियाशी युद्ध पेटलं, पैसा हवा होता, तेव्हा तंबाखूचं उत्पादन सरकारने आपल्याच ताब्यात घेतलं. तीनशे वर्षांपूर्वी जिच्यावर बंदी होती, तीच आता खजिना भरू लागली.

किसेरू हातातून गेली, बोलीत मात्र राहिली. सुरुवातीच्या आणि शेवटच्या टप्प्याचं तिकीट काढून मधला प्रवास फुकट करण्याला जपानी लोक 'किसेरू' म्हणतात. दोन्ही टोकांना धातू, मध्ये पोकळ!

मुलगा हसला, पण प्रश्न विसरला नाही. मग त्याला खरं सांगितलं.

आमचे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, गुडगुडी ओढायचे. पाणी बदलायचं, निखारा ठेवायचा, चार माणसं जमायची. अब्बांच्या हाती बिडी आली. ती खिशात मावायची, म्हणून दिवसभर चालायची. रात्री त्यांच्या छातीची घरघर शेजारच्या खोलीत ऐकू यायची. माझ्या हाती सिगारेट आली. अब्बा गेले त्या वर्षी मी ती सोडली.

ही किसेरू जपानात नोकरी करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याने आणली, सोबत तंबाखूची पुडीही. एकदा ओढली. तीन झुरके, बस्स. धूर हलका लागला, पण विष ते विषच. पुढचे आठ दिवस शाळेतून येताना पाय आपोआप पानटपरीकडे वळत होते. नववीच्या वर्गात तंबाखूबंदीची शपथ मीच देतो. त्या आठवड्यात ती देताना मुलांच्या डोळ्यांत पाहवलं नाही. उरलेली पुडी मी मोरीत रिकामी केली.

"मग ही का ठेवली?" मुलाने विचारलं.

"कारागिराने छान घडवली आहे म्हणून. आणि मी किती कच्चा आहे, ते लक्षात राहावं म्हणून."

त्याने ती पुन्हा कापडात गुंडाळली आणि वरच्या खणात, होती तिथेच ठेवली.